गळे बघणारे डॉक्टर

मुरुडच्या एसटी स्टँडवर चार-पाच माणसांनी एकदम कॉलर वर केली, की समजायचं, आमचे डॉक्टर येताहेत. भर मे महिना, अंगाची काहिली, आणि माणसं गळ्यापर्यंत बटणं लावून उभी. डॉक्टर बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. तिथे जरा फुगवटा दिसला की त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं, "पाणी प्या बघू. आता गिळा." मग तुम्ही लग्नाच्या पंगतीत असा, न्हाव्याच्या खुर्चीत असा, नाहीतर कुणाच्या मयताला आलेले असा.

एकदा अलिबागची गाडी सुटायच्या बेतात होती. डॉक्टरांनी स्कूटर गाडीपुढे आडवी लावली, आत चढले आणि आपली पाण्याची बाटली कंडक्टरच्या हातात दिली.

"एक घोट घ्या."

"कुठलं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"तिकीट नको. गिळा."

मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली, "ओ डॉक्टर, माझी कोर्टाची तारीख हाय. त्याला अलिबागला गेल्यावर गिळू दे ना."

पण कंडक्टरनं घोट गिळला, आणि त्याच्या गळ्यात लिंबाएवढी गाठ वर जाऊन खाली आली. सगळ्या गाडीनं पाहिली. कोर्टाची तारीख असलेली बाईही उठून बघून गेली. गाठीचं ऑपरेशन वेळेवर झालं. तेव्हापासून तो कंडक्टर आमच्या लॅबचा रक्ताच्या नमुन्यांचा डबा अलिबागला मांडीवर घेऊन नेत असे, लहान बाळ न्यावं तसा.

त्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. आमचं गाव मुरुडपासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीचं. वडील रोह्याच्या एका कंपनीत हेल्पर, आई लावणी-कापणीला जाणारी. घराण्यात पदवी माझीच पहिली. बी.एस्सी. झाले तेव्हा विहारात माझा सत्कार झाला होता आणि आईनं ती शाल कितीतरी दिवस घडी न मोडता ठेवली होती. पुढे लॅबचा डिप्लोमा केला आणि डॉक्टरांकडे नोकरी मागायला गेले. त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. विचारलं, "ॲड्रिनल ग्रंथी कुठे असते?"

"मूत्रपिंडावर, सर. टोपीसारखी."

"कसली टोपी?"

आमच्या पुस्तकात टोपी एवढंच होतं.

"उजवीकडची त्रिकोणी, कोळ्याच्या टोपीसारखी. डावीकडची चंद्रकोरीसारखी. एकाच माणसाच्या दोन टोप्या, दोन तऱ्हेच्या. का, ते मला सांगता येणार नाही. पण मजा आहे की नाही?" असं म्हणून ते इतके खूश झाले की मुलाखत संपली आहे हे मला कंपाउंडरनं सांगितलं.

त्या दिवसापासून ते मला 'पदवीधर' म्हणू लागले. "पदवीधर, इकडे ये." "पदवीधर, जेवलीस का?" आधी वाटलं टोमणा आहे. मग कळलं, या माणसाला टोमणे येतच नाहीत. हाक मारायला तो शब्द आमच्या घराण्यात कुणी कधी वापरला नव्हता. पहिले काही दिवस तर मी हाक ऐकूनही मुद्दाम उशिरा वळत असे, म्हणजे ते पुन्हा एकदा म्हणतील.

डॉक्टर मूळचे घाटावरचे. मुरुडला आले ते बोंबलांच्या प्रेमात पडून राहिले. चार खाटांचा दवाखाना, शेजारी माझी लॅब. पेशंटसमोर ते कधी खुर्चीत बसत नसत, फेऱ्या मारत ऐकत. कुणी 'अशक्तपणा आहे' म्हटलं की लगेच विचारत, "कुठला? पायांचा, जिवाचा की कंटाळ्याचा?" आणि 'काय होतंय' हे तर ते कधीच आधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "काय खावंसं वाटतं?" लोक हसत. कुणी सांगे बर्फ, कुणी माती, कुणी नुसतं 'तुमचं डोकं'. त्यांच्या मते पेशंट आजार सांगताना डॉक्टरला बरं वाटेल असं सांगतो. खाण्याचं मात्र खरं सांगतो.

आणि त्यांचे हात. एखादी गोष्ट वैद्यकाला पक्की ठाऊक असेल तर सांगताना ते उजवा हात वर करत. नुसती शंका असेल, तर डावा. वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते आपोआप होई. जुने पेशंट औषधाचं नाव ऐकायच्या आधी हात बघत.

आमच्या नमुन्यांना लागणारा बर्फ मासळीच्या बर्फ कारखान्यातून यायचा. त्यामुळे डब्याला कायम मासळीचा वास. एकदा अलिबागच्या मोठ्या लॅबमधून फोन आला, "तुमच्याकडून रक्त येतं की पापलेट?" डॉक्टरांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "का, पापलेटमध्ये काही निघालं का?"

आता ते नाशिकला मुलीकडे असतात, आणि मी अलिबागला एका मोठ्या लॅबमध्ये आहे. पण त्यांच्याविषयी सांगायचं तर कोरोनानंतरचा तो काळच सांगायला हवा. तेव्हाइतकं त्यांना पेटलेलं मी कधी पाहिलं नाही.

कोरोना म्हणजे फुफ्फुसाचा आजार, असं सगळे म्हणत होते. डॉक्टरही आधी तेच म्हणाले. मग बरे होऊन घरी गेलेले लोक एकेक करून परत येऊ लागले. ताप नाही, खोकला नाही, ऑक्सिजन उत्तम, आणि तरी माणूस बरा नाही. डॉक्टर लॅबच्या खिडकीशी येऊन उभे राहत आणि म्हणत, "पदवीधर, या विषाणूला पेशीत शिरायला एक विशिष्ट कडी लागते. ती कडी फुफ्फुसाच्या दाराला आहे." उजवा हात. "तशीच ग्रंथींच्या दारालाही आहे. थायरॉइडच्या, स्वादुपिंडाच्या, ॲड्रिनलच्या." उजवा हात अजून वरच. "मग तो फक्त फुफ्फुसात शिरून गप्प कसा बसेल?" आणि आता डावा. असे दोन्ही हात वर करून ते खिडकीत उभे असत, आणि बाहेरच्या बाकावरच्या लोकांना वाटे, आत पोलीस आलेत.

समुद्राकडच्या एका लॉजचे मालक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते छातीला हात लावूनच आत आले.

"डॉक्टरसाहेब, दिल घोड्यासारखा धावतोय. हात कापतायत. वजन उतरलं. माझा टाइम आला."

डॉक्टरांनी त्यांचा गळा हलकेच दाबला. चाचा किंचाळले.

"दुखतं का?"

"या अल्ला, दुखतं का काय विचारता?"

"छान," डॉक्टर म्हणाले.

"छान?"

"म्हणजे हृदय ठीक आहे चाचा. थायरॉइडला सूज आलीय. समजा हंड्याला चीर गेलीय आणि आत साठवलेलं सांडतंय. सांडतंय तोवर धडधड होणार. मग हंडा रिकामा, तेव्हा तुम्ही नुसते पडून राहाल. मग हंडा पुन्हा भरेल."

"आणि नाय भरला तर?"

"बहुतेकांचा भरतो. तुमचा नाही भरला तर मी भरीन. रोज एक गोळी."

"आत्ताच द्या ना चांगली मोठी गोळी."

"आत्ता फक्त दुखण्याची आणि धडधडीची. सांडतंय त्यात आणखी कुठे ओतू?"

सगळं अगदी त्या क्रमानं झालं, आणि हंडा भरला. चाचांना त्या हंड्याचा इतका अभिमान वाटू लागला की लॉजवर उतरलेल्या पर्यटकांना ते समुद्र दाखवायच्या आधी गळा दाखवत.

कुणाला कोरोनानंतर प्रथमच साखर निघाली. विषाणूनं स्वादुपिंडाला इजा केली, की औषधातल्या स्टेरॉइडनं साखर वाढवली, की ती आधीपासून होती आणि आता सापडली, हे सांगताना डॉक्टरांचा डावा हात खाली येत नसे. बायका पाळी बिघडल्याचं माझ्याकडे हळूच बोलत आणि मी ते डॉक्टरांना सांगे. तरुण मुलं तर खिडकीशी येऊन नुसतं 'डॉक्टरांना एकट्याला भेटायचंय' एवढंच म्हणत. डॉक्टर प्रत्येकाला तितक्याच आनंदानं तपासत. आनंद हा शब्द चुकीचा वाटेल. पण ज्याचं दुखणं घरातही कुणी खरं मानत नव्हतं, त्याच्याकडे बघून एखादा माणूस असा खुलतो आणि म्हणतो, "तुमचं खरं आहे. शोधू या," तेव्हा त्या दुखणाऱ्यालाही तो आनंद चालतो.

दुसरी लाट ओसरून काही महिने झाले होते. एका दुपारी कोळीवाड्यातून विक्रम रिक्षा आली. पुढे म्हातारी सासू, मागे सीटवर आडवी सून. पस्तिशीची बाई, मासळी सुकवण्याच्या जागेवर उभ्या उभ्या कोसळली होती. मी बीपी घेतलं. आकडा इतका खाली होता की मशीन बिघडलं समजून मी दुसऱ्या हाताला लावलं. तोच आकडा. साखरही उतरलेली.

"अशक्तपना हाय," सासू म्हणाली. "कोरोना जाल्यापासून अंगान जीवच नाय तिचे. जेवत नाय, वकते, पडून रहाते. लोक बोलतात कामचोर जाली. तशी नव्हती वो ती."

डॉक्टर खाटेवर वाकले. "बाई, काय खावंसं वाटतं?"

तिनं डोळे उघडले, सासूकडे पाहिलं आणि परत मिटले.

"ते नका विचारू," सासू म्हणाली.

"का?"

"घराची लाज हाय."

डॉक्टर थांबले. त्यांना थांबताही येत असे, हे लोकांना फारसं माहीत नव्हतं. म्हातारीनं दाराकडे एकदा पाहिलं आणि दागिन्यांची चोरी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "मीठ चोरते ती."

त्यांचं घर मासळी खारवून सुकवणारं. भिंतीला लागून मिठाच्या गोणी. सुनेला आधीपासून बीपी होतं. कोरोना सेंटरमध्ये कुणीतरी बजावून सांगितलं होतं, मीठ बंद, गोळी बंद करायची नाही. घरानं ते अगदी मनावर घेतलं. तिचं कालवण वेगळं, अळणी. आणि ती गोणीत हात घालून मुठी मुठी मीठ खायची. मासळी सुकवायच्या वलांडीवर, म्हणजे बांबूंवर, टांगायच्या आधी चाटायची. शेजारणींनी पाहिलं, कोळीवाड्यात बोभाटा झाला. मग सासूनं गोणींच्या खोलीला कुलूप लावलं आणि चावी कमरेला. तिच्या जिवासाठीच. सुनेची गोळीही ती स्वतःच्या हातानं देत होती.

"एकपन चुकवली नाय," म्हातारी म्हणाली.

डॉक्टर स्टुलावर बसले. पेशंटसमोर बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी त्या बाईचा तळहात हातात घेतला आणि पसरला. हातावरच्या रेषा काळ्या पडल्या होत्या, शाईनं काढल्यासारख्या.

"ही काळी कधीपासून पडली?"

"उन्हान मासली सुकवते. काली नाय होनार?"

"तळहाताला ऊन लागतं का, आजी?" त्यांनी तिचा ओठ हळूच खाली ओढला. हिरडीवर काळपट डाग. "आणि इथे?"

डॉक्टर उठले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता, भरभर आणि अगदी हळू. "पदवीधर, रक्त घे. आत्ता. मग सलाइन, मग इंजेक्शन. बीपीची गोळी बंद. ॲड्रिनल गेलीय हिची. दोन्ही."

शीर सापडत नव्हती. सगळ्या शिरा आत बसलेल्या. पण सापडली, आणि नळीत रक्त चढू लागलं. पुस्तकातली ती टोपी माझ्यासमोर खाटेवर जिवंत पडली होती. मी सलाइन लावलं. इंजेक्शन भरत होते तेवढ्यात तिचा नवरा आला.

तो तांडेल होता, म्हणजे बोटीचा प्रमुख. बर्फ भरायला बोट जेटीला लागलेली, तिथून निरोप मिळून धावत आलेला. अंगाला डिझेलचा वास. त्यानं सिरिंजकडे पाहिलं.

"काय देताय तिला?"

"स्टेरॉइड," डॉक्टर म्हणाले. दुसरा कुणी 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणाला असता.

तांडेल खाट आणि माझ्यामध्ये येऊन उभा राहिला. "नाय. माझे भावाला कोरोनान तेच दिला. साखर चढली, बुरशी जाली, डोला काढला त्याचा. तिला नाय."

"भावाला दिलं ते आजार दाबायला. अंगात असतं त्याच्या कितीतरी पट. हिच्या अंगात ते उरलेलंच नाही. पहिलं इंजेक्शन मोठं देईन, मग रोज फक्त जेवढं असायला हवं तेवढं."

"तुमाला म्हायती हाय? नक्की?"

मला आजही तो क्षण दिसतो. मी मनात म्हणत होते, सर, उजवा हात करा. एकदाच. खाटेवर ती बाई श्वास मोजल्यासारखे घेत होती, सासू भिंतीला टेकलेली, आणि तांडेल सगळ्या कोळीवाड्यासारखाच डॉक्टरांचे हात ओळखून होता. डॉक्टरांनी डावा हात वर केला.

"म्हंजे म्हायती नाय."

"रिपोर्ट अलिबागहून यायला उद्या उजाडेल. तोवर हा हातच खरा. मी चुकलो असेन तर एक इंजेक्शन वाया जाईल, त्यानं हिचं काही बिघडणार नाही. मी बरोबर असेन आणि आपण रिपोर्टची वाट बघितली, तर ती वाट बघणार नाही." मग ते एकदम त्याच्या जवळ गेले. "तुम्ही जाळं टाकता तेव्हा खाली मासळी आहे हे माहीत असतं?"

"नाय."

"वारा फिरेल हे?"

तांडेल बायकोकडे बघत होता. "त्येबी नाय. दिसतं त्यावरून ठरवायला लागतं. आनि तवाच ठरवायला लागतं, मागून नाय."

"हिच्यात मला जे दिसतंय ते मी तुम्हाला दाखवलं. तळहात, हिरडी, मीठ, बीपी. आता तुम्ही बोटीवर असता तर काय केलं असतंत?"

तो बाजूला झाला. "द्या," म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी इंजेक्शन दिलं. नमुन्यांचा डबा घेऊन स्टँडवर धावले, कंडक्टरच्या मांडीवर ठेवला आणि धावतच परत आले. येताना वाटेत काय काय पाहिलं मला आठवत नाही. डॉक्टर खाटेभोवती फेऱ्या मारत होते. दर थोड्या वेळानं मी बीपी घेई आणि आकडा म्हणे. आकडा चढत होता. तांडेलाला आकड्यांतलं कळत नव्हतं, पण माझा आवाज कळत होता. ऊन कलायच्या आत तिनं डोळे उघडले, या वेळी कुणाकडे न बघता, आणि म्हणाली, "भूक लागली मना."

सासू रडली नाही. तिनं कमरेची चावी सोडली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "ही तुमी ठेवा. माझे हातान नको."

"मला काय करायचीय? मिठाची खोली आहे, तिच्या हातात द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि आजी, तुम्ही सांगितलेलं नीट पाळलंत. आजार बदलला तेव्हा सांगणं बदलायला हवं होतं, ते कुणी बदललं नाही. त्यात तुमचं काय चुकलं?"

मग जे केल्याशिवाय डॉक्टरांचा एकही दिवस जात नसे ते त्यांनी केलं. नवऱ्याला सगळं समजावून सांगायला घेतलं. मेंदूखाली एक छोटी ग्रंथी असते, ती हुकूम सोडते, मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रस सोडतात, त्यावर बीपी, साखर, अंगातलं मीठ सगळं चालतं. तांडेल ऐकत होता. ऐकता ऐकता म्हणाला, "म्हंजे वरचा तांडेल वरडतोय, आनि खाली खलाशी हालत नाय."

डॉक्टर फेरी मारता मारता थांबले. "पुन्हा बोला."

"खलाशी हालत नाय."

"मग तांडेल काय करतो?"

"काय करील? आनखी वरडतो."

"आणखी ओरडला तर कुणाकुणाला ऐकू जातं?"

"सगल्या दर्याला. बाजूच्या बोटींना पन."

"झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. "हिच्या कातडीला ऐकू गेलं. हाक खलाशाला होती, पण वरची ग्रंथी इतकी ओरडत होती की कातडीनंही ऐकलं, आणि ती काळी पडत गेली. म्हणून रेषा काळ्या. म्हणून हिरडी काळी. पदवीधर, ऐकलंस ना? मी इतकी वर्षं हे चित्र काढून काढून सांगतोय."

मी ऐकलं होतं. आजही लॅबमध्ये नवीन मुलीला हा रिपोर्ट वाचायला शिकवते, खालच्या ग्रंथीचा आकडा शून्याला टेकलेला आणि वरच्या ग्रंथीचा आभाळाला भिडलेला, तेव्हा मी तिला आधी विचारते, तू कधी बोटीवर गेली आहेस का?

रिपोर्टमध्ये तेच आलं. पुढे अलिबागला पोटाचा स्कॅन केला. दोन्ही ग्रंथींत रक्तस्राव होऊन गेल्याच्या खुणा होत्या. आपल्याकडे अशा वेळी आधी टीबीची शंका घ्यावी लागते, ती घेतली, तपासली, टीबी नव्हता. तांडेलानं विचारलं, हे कोरोनानंच केलं का? कोरोनात रक्ताच्या गाठी होतात हे पक्कं, असं म्हणताना डॉक्टरांचा उजवा हात वर होता. हिचं त्यानंच झालं, असं म्हणताना डावा. तो त्यांनी पुढेही कधी बदलला नाही. मी एकदा म्हटलं, "सर, आता तर सगळं जुळतंय." ते म्हणाले, "जुळतंय म्हणूनच जपून."

तिला आयुष्यभर गोळ्या लागणार होत्या. ताप आला, उलट्या झाल्या, की गोळी दुप्पट, आणि उलटीत गोळी टिकली नाही तर इंजेक्शन. कारण निरोगी माणसाच्या ग्रंथी आजारपणात आपोआप जास्त रस सोडतात, हिच्या सोडणार नाहीत. डॉक्टरांनी हे सगळ्या घराला पाठ म्हणायला लावलं, एकेकाला उभं करून. सासूनं पाढे म्हणावे तसं म्हटलं. ती दमेल, विसरेल, किंवा बरं वाटतंय म्हणून एक दिवस गोळी सोडेल, ही धास्ती मात्र माझ्या मनातून गेली नाही. तांडेल आठ-आठ दिवस समुद्रात, सासू म्हातारी. एका तापात सगळं पुन्हा जाऊ शकत होतं.

पुढच्या वर्षी गावात तापाची साथ आली. दवाखाना भरलेला. मी नमुने घेत होते आणि खिडकीतून मला ती बाहेरच्या बाकावर दिसली. चेहरा तापानं लाल. माझ्या हातातलं काम सुटलं. बीपीचं मशीन घेऊन मी बाहेर गेले.

"कधीपासून ताप?"

"कालपासून. कालच दुप्पट घेतली, ताई. उलटी नाय. फक्त सांगाला आले." तिनं स्वतःहून हात पुढे केला. बीपी अगदी नीट होतं. मी दोनदा घेतलं, फक्त ते नीट आहे हे पुन्हा बघायला.

बाकावर तिच्या शेजारी एक मास्तर बसले होते, झेडपीच्या शाळेतले. त्यांनी कोरोनानंतर स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या होत्या आणि मग घाबरून स्वतःच एकदम बंद केल्या. आता चार पावलं चालवत नव्हती. डॉक्टरांनी नुकतंच त्यांना सांगितलं होतं की बाहेरच्या गोळीच्या सवयीनं अंगातल्या ग्रंथी झोपून गेल्यात, त्या जाग्या होईपर्यंत थोडी गोळी परत घ्या, मग हळूहळू कमी करू. मास्तर हातात चिठ्ठी घेऊन बाहेर येऊन बसले होते. ती फाडावी की न्यावी या विचारात.

"नको ती पुन्हा," ते आपल्याशीच म्हणाले. "एकदा लागली की सुटत नाही म्हणतात."

तांडेलाची बायको वळली. "मास्तर, तुमचे अंगान खलाशी हायत ना?"

"काय?"

"झोपलेत. डॉक्टर आता बोलले आत, मी ऐकला. झोपलेत म्हंजे हायत. माझे नायत. माझे गेले ते गेले." हे तिनं अगदी सहज सांगितलं, भाव सांगावा तसं. "मी रोज सकाली उठून खलाशी गिलते. सकाली मोठा, दुपारी बारका. ताप आला का डबल. मना ते मरेपर्यंत हाय. तुमचे उठतील. तोवर दोन दिस उसने घ्यायला तुमाला काय लाज वाटते?"

मास्तरांनी चिठ्ठीकडे पाहिलं. "उठतील याचा भरवसा काय?"

"तो नाय देत मी. पन झोपलेल्याला उठवाला वेल लागतो, आनि तोवर बोट कुनीतरी हाकाला पायजे का नको?"

मास्तरांनी चिठ्ठीची घडी उलगडली आणि दुपारची गोळी जेवणाआधी की नंतर, असं तिलाच विचारलं.

मी मागे पाहिलं. डॉक्टर दारात उभे होते. आत कुणीतरी कण्हत होतं, कंपाउंडर पुढचं नाव पुकारायला तोंड उघडत होता. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिचं सांगून होऊ दे."